अस्वलाच्या आधी अंतर सांगा: आर्क्टिकच्या सहली नेणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
उत्तर ध्रुवप्रदेशाच्या सहली नेणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांचे संचालक आणि सहल व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका आहे. भंडारा जिल्ह्यातल्या शाळांमधून 31 वर्षं शिकवलं, आता नागपुरात असते. गेल्या वर्षी जूनच्या शेवटी तुमच्यासारख्याच एका कंपनीच्या गटाबरोबर मी स्वालबार्डला जाऊन आले. नॉर्वेच्या उत्तरेला, 74 ते 81 अंश उत्तर अक्षांशांदरम्यान असलेला हा बेटांचा समूह वर्गातल्या नकाशावर मी वर्षानुवर्षं पट्टीच्या टोकाने दाखवत आले होते. ग्रॅच्युइटीतला मोठा हिस्सा या सहलीवर गेला. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. जेवण घरच्यासारखं होतं, विमानं वेळेवर मिळाली, आजारी पडलेल्या एका काकांची काळजी मुलासारखी घेतली गेली. त्याबद्दल मनापासून आभार.

तक्रार वेगळी आहे. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण परत आल्यावर आणखी तीन कंपन्यांची माहितीपत्रकं मागवून वाचली आणि सगळ्यांत तेच दिसलं. पहिल्याच पानावर जहाजाच्या कठड्याखाली उभं असलेलं ध्रुवीय अस्वल आणि खाली मोठ्या अक्षरांत ते ‘अगदी जवळून’ पाहण्याचं आश्वासन. एका पत्रकात तर ‘हमखास’ हा शब्द आहे.

1 जानेवारी 2025 पासून स्वालबार्डमध्ये अस्वलापासून किमान 300 मीटर दूर राहण्याचा कायदा लागू आहे. 1 मार्च ते 30 जून या काळात हेच अंतर 500 मीटर आहे. जहाज असो, रबरी बोट असो की पायी चालणारा माणूस असो, नियम सगळ्यांना सारखा. अस्वल त्याहून जवळ आहे असं लक्षात आलं तर मागे फिरायचं. म्हणजे तुमच्या पहिल्या पानावरचं छायाचित्र ज्या प्रकारे काढलं गेलं, तसं ते आज काढणं हा तिथे गुन्हा आहे. आणि ते पान बघून माणसं पैसे भरतात.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. 30 जूनला लिफ्डेफियॉर्डमध्ये होतो. फियॉर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेला समुद्राचा लांब फाटा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पण सूर्य मावळतच नसल्यामुळे ऊन होतं. जहाजावर घोषणा झाली आणि आम्ही स्वेटर-टोप्या चढवत डेकवर धावलो. किनाऱ्यालगत उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर एक ठिपका होता. दुर्बिणीतून पाहिलं तर तो पांढरा नव्हताच. तापवून ठेवलेल्या दुधावरच्या जाड सायीसारखा पिवळसर रंग. अस्वल पोटावर झोपलं होतं, मागचे पाय ताणून, आपल्याकडे कुत्री दुपारी गार फरशीवर पसरतात तसं. जहाजावरची गाइड, पंचविशीतली नॉर्वेजियन मुलगी, लेझरच्या दुर्बिणीने अंतर मोजत होती आणि दर दोन-तीन मिनिटांनी वॉकीटॉकीवर आकडा सांगत होती. पाचशे चाळीस. पाचशे तीस. जहाज वाऱ्याने जरा सरकलं की कप्तान ते हळूच मागे घ्यायचा.

मी तो अर्धा तास जन्मात विसरणार नाही. पण माझ्या आजूबाजूला कुजबुज सुरू झाली होती. "एवढे पैसे भरून हा ठिपका बघायला आलो का?" "पत्रकात काय दाखवलं होतं बघा." आमचा सहल व्यवस्थापक सव्वीस वर्षांचा गुणी मुलगा. तो ही कुजबुज ऐकून कावराबावरा झाला आणि त्या गाइडकडे जाऊन म्हणाला, जरा पुढे घेता येईल का, आमचे पाहुणे फार लांबून आलेत. ती नाही म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, त्याच्या डोक्याकडे बघत राहा. मीही माझ्या दुर्बिणीतून बघितलं. अस्वलाने मान वर केली, आमच्या दिशेने नाक फिरवलं, पुन्हा टेकवलं. पाच मिनिटांनी पुन्हा तसंच. ती म्हणाली, आपल्यामुळे याची दोनदा झोपमोड झाली. तिसऱ्यांदा झाली तर आपण निघायचं.

तो "जरा पुढे" ऐकून माझ्या छातीत धस्स झालं, कारण ते शब्द माझेच होते. काही वर्षांपूर्वी ताडोबात वाघीण रस्त्यावर बसलेली असताना मी जिप्सीच्या चालकाला म्हणाले होते, "भाऊ, जराशी पुढे घ्या ना." त्याने घेतली. मागून आणखी तीन जिप्सी आल्या. वाघीण उठून बांबूत गेली, आणि आम्ही हळहळलो ते दर्शन लवकर संपलं म्हणून. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-टू वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली, तेव्हा ती चित्रफीत मी मोबाइलवर बघितली. तो भाग माझ्या नोकरीच्या गावापासून लांब नाही. चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाड्यांतून "पुढे घ्या" म्हणणाऱ्यांना मात्र कोणी काही विचारलं नाही. ताडोबात मीही तेच म्हणाले होते, म्हणून हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असं मानते.

500 मीटर कशासाठी, हे त्या गाइडने दुसऱ्या दिवशी फार नीट समजावलं. वसंतात फियॉर्डच्या गोठलेल्या पाण्यावर सील पिल्लं घालतात, आणि अस्वलाची वर्षभराची चरबी मुख्यतः याच काही महिन्यांत जमते. नुकतीच गुहेतून बाहेर आलेली मादी कित्येक महिने उपाशी असते आणि सोबत पिल्लं असतात. तेव्हा तिला पळायला लावणं म्हणजे तिच्या शिधापेटीतून काढून घेणं. त्यात बर्फच कमी होत चाललाय. पश्चिम किनाऱ्यावरच्या फियॉर्डांमध्ये 2006 पासून बहुतेक हिवाळ्यांत पूर्वीसारखा बर्फ धरत नाही. मग अस्वलं उन्हाळ्यात किनाऱ्यावर फिरून बदकांची आणि हंसांची अंडी खातात. एवढ्या मोठ्या देहाला अंड्यांवर किती दिवस काढता येतील? दोन दिवसांनी, 2 जुलैला, आम्हाला दुसरं अस्वल दिसलं तेव्हा नियम 300 मीटरचा झाला होता, आणि तेवढ्या फरकानेही त्याच्या पंजावरचे केस दिसले. गटातल्या एका आजोबांनी मला विचारलं, "परवा पाचशे, आज तीनशे, असं का?" मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "अहो मग हे आधी का नाही सांगितलं आम्हाला?"

माझ्या या पत्राचा जीव त्या प्रश्नात आहे.

किनाऱ्यावर उतरण्याआधी जहाजावर रोज सूचनासत्र असायचं, सगळं इंग्रजीत. बोलणाऱ्यांचे उच्चार नॉर्वेजियन, डच, स्कॉटिश. आमच्या 22 जणांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना त्यातलं फारसं काही कळत नव्हतं, आणि यात त्यांची काही चूक नाही. ही माणसं आयुष्यभर दुकान चालवणारी, बँकेत, एसटीत, शेतात राबलेली. पाऊण तासाच्या सत्रानंतर आमचा व्यवस्थापक मराठीत सांगायचा: "उद्या नऊला खाली या, बूट घाला, लाइफ जॅकेट घाला, पाणी सोबत घ्या." बस्स. गाइडने सांगितलेलं अंतर, वारा, पक्षी, जुने अवशेष, अस्वल दिसलं तर एकत्र कसं उभं राहायचं, सगळं गळून जायचं. मग किनाऱ्यावर आमच्यातलंच कोणीतरी ओळ सोडून पुढे जायचं, आणि बंदूक खांद्याला लावलेल्या पहारेकऱ्याला ओरडावं लागायचं. इतर देशांचे प्रवासी आमच्याकडे बघायचे. मला लाज वाटायची, पण त्यांना उद्धट समजणाऱ्यांचा रागही यायचा. आमच्या माणसांना कोणी त्यांच्या भाषेत सांगितलंच नव्हतं.

तो पहारेकरी तिथे शोभेला नसतो. जुलै 2018 मध्ये स्वालबार्डच्या अगदी उत्तरेला असलेल्या सात बेटांपैकी एकावर, एका पर्यटक जहाजाचे पहारेकरी प्रवाशांच्या आधी किनारा तपासायला उतरले. अस्वलाने एकावर झडप घातली. तो माणूस जखमी झाला आणि अस्वल गोळी घालून मारावं लागलं. आपण तिथे पाय ठेवतो म्हणून हे घडू शकतं, ही गोष्ट पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.

बुटांचंच बघा. सहलीआधीच्या बैठकीत बुटांबद्दल एवढंच सांगितलं होतं की ‘चांगल्या ग्रिपचे घ्या’. जहाजावर पहिल्याच दिवशी सगळ्यांचे बूट, पँटचे काठ, बॅगांचे वेल्क्रो तपासले गेले. माझ्या शेजारच्या ताई सह्याद्रीत किल्ले चढणाऱ्या, त्यांचे बूट त्यांनी धुतले होते, पण वेल्क्रोत आणि लेसच्या भोकांत कुसळं अडकलेली होती. ती गाइड मुलगी मांडी घालून जमिनीवर बसली आणि चिमट्याने एकेक कुसळ काढून कागदावर ठेवत गेली. सतरा कुसळं निघाली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "घरी माहीत असतं तर मी सुई घेऊन रात्रभर बसले असते." तापत चाललेल्या त्या जमिनीवर बाहेरचं बी रुजू शकतं, म्हणून हा सगळा खटाटोप. पक्ष्यांच्या तापाचाही, म्हणजे बर्ड फ्लूचाही, प्रश्न आहे. 2023 मध्ये स्वालबार्डला त्या रोगाने एक वॉलरस मेल्याचं आढळलं होतं. प्रत्येक वेळी बोटीत चढता-उतरताना बूट जंतुनाशकात बुडवायचे, किनाऱ्यावर काही खायचं नाही, खाली बसायचं नाही. आमच्यातल्या एकांच्या खिशात राजगिऱ्याची चिक्की होती, मधुमेहामुळे ठेवलेली. त्यांना कोणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी जहाजावर खाऊन घेतली असती.

माग्दालेनेफियॉर्डमध्ये आणखी एक प्रसंग घडला. तिथल्या ग्रावनेसेट नावाच्या जागी सतराव्या-अठराव्या शतकातल्या देवमासे मारणाऱ्या खलाशांच्या शंभरावर कबरी आहेत आणि चरबी वितळवायच्या भट्ट्यांचे अवशेष आहेत. त्या लोकांनी या समुद्रातला धनुर्मुखी देवमासा जवळजवळ संपवला होता. 1946 च्या आधीची माणसाची प्रत्येक खूण स्वालबार्डमध्ये कायद्याने जपलेली आहे: गंजलेला खिळा, बोटीची फळी, कत्तलीच्या जागेवरची हाडंसुद्धा. आमच्या गटातल्या एका आजींनी देवघरात ठेवायला एक गोटा उचलून पर्समध्ये टाकला. त्यांच्या मनात भक्तीच होती. नर्मदेहून आणतो, पंढरपुराहून आणतो, तसा तिथून आणावासा वाटला. मी त्यांना हळूच समजावलं, त्यांनी तो जिथून उचलला त्याच जागी परत ठेवला, हात जोडले. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

त्या रात्री मी व्यवस्थापकाची परवानगी घेतली आणि जेवणघराच्या कोपऱ्यात मराठीतून बोलायला बसले. दहा मिनिटं बोलायचं ठरवलं होतं, दीड तास गेला. फळ्याऐवजी पेपर नॅपकिनवर फियॉर्डचा छेद काढला. हिमनदी दरी कोरत जाते, दरीचा तळ समुद्रसपाटीच्या खाली जातो, बर्फ मागे हटला की समुद्र आत शिरतो. नववीच्या मुलांना हेच शिकवत आले होते. पण आमच्या गटातले लोक त्या मुलांपेक्षा जास्त प्रश्न विचारत होते. हिमनदीचं पाणी तपकिरी का? रेनडिअरचे पाय इतके आखूड का? कोल्हा हिवाळ्यात काय खातो? मुंबईच्या एका निवृत्त इंजिनाच्या ड्रायव्हरने तर जहाजाला कोणतं इंधन लागतं ते विचारलं. मी माहिती काढून दुसऱ्या दिवशी सांगितलं की 2022 पासून स्वालबार्डच्या पाण्यात जड तेल बंद आहे, जहाजांना हलकं इंधनच वापरावं लागतं. सांडलेलं जड तेल त्या थंडीत वर्षानुवर्षं जिरत नाही. ते समाधानाने मान हलवत राहिले.

आणि दुसऱ्या दिवशी मोनॅको हिमनदीसमोर आमची बोट वेगळीच होती. गाइडने इंजिन बंद केलं. बर्फाच्या तुकड्यांतून शेकडो वर्षं अडकलेली हवा सुटत होती, आणि पाण्यावर सगळीकडून लाह्या फुटल्यासारखा बारीक तडतडाट येत होता. कोणी बोललं नाही. दहा मिनिटं बारा मराठी माणसं एका बोटीत गप्प बसली होती. हिमनदीच्या कड्याखाली, जिथे गोडं पाणी वर उसळतं, तिथे किट्टिवेक पक्ष्यांचा ढग फिरत होता. दूरवर कडा कोसळला. आधी दिसला, आवाज नंतर आला, आणि मग लाट. गाइडने बोटीचं तोंड लाटेकडे वळवलं. 2007 मध्ये दक्षिणेकडच्या हॉर्नसुंडमध्ये एक जहाज हिमनदीच्या फार जवळ गेलं होतं, कडा कोसळून प्रवासी जखमी झाले होते. म्हणून बोटी लांब थांबतात. आदल्या रात्री हे सांगितलेलं असल्यामुळे कोणीही "जरा पुढे" म्हटलं नाही.

आल्केफ्येलेटचा पक्ष्यांचा कडा मला सगळ्यात भावला. हिन्लोपेन सामुद्रधुनीतला हा कडा डोलेराइट या गडद खडकाच्या खांबांचा आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बसाल्टचे खांब ज्यांनी पाहिलेत त्यांना चटकन ओळख पटेल. त्या खांबांच्या कंगोऱ्यांवर ब्रुनिचच्या गिलेमॉट पक्ष्यांच्या साधारण 60,000 जोड्या अंडी घालतात. घरटं बांधत नाहीत. अंडं थेट उघड्या दगडावर, तळहाताएवढ्या जागेत. एकदम दचकून सगळे उडाले तर पायांच्या धक्क्याने अंडी खाली समुद्रात पडतात. म्हणून 1 एप्रिल ते 31 ऑगस्ट या काळात अशा कड्यांपासून 500 मीटरच्या आत बोटीचा वेग 5 नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण 9 किलोमीटरच्या, वर नेता येत नाही. भोंगा नाही, आरडाओरडा नाही. बोट जवळजवळ तरंगतच गेली. वास तीव्र होता, एका बाईंना मळमळलं. वर बघितलं तर काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांच्या रांगा, गणपतीच्या मिरवणुकीत गॅलऱ्यांमधून माणसं दाटीने उभी असतात तशा. तुमच्या माहितीपत्रकात या कड्याचं नावसुद्धा नाही.

नी-ऑलेसुंडचं मात्र आहे, ‘भारताचं संशोधन केंद्र पाहा’ म्हणून. कोंग्सफियॉर्डच्या काठावर 79 अंशांजवळचं हे छोटंसं गाव. 2008 पासून तिथे आपलं ‘हिमाद्री’ केंद्र आहे, आणि ते चालवणारी संस्था, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, आपल्या शेजारी गोव्यात, वास्कोला आहे. 2014 मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी त्याच फियॉर्डच्या पाण्यात ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी सोडली. तिथल्या बर्फाचा आणि आपल्या पावसाचा संबंध काय, हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. विदर्भात धानाची रोवणी पावसाची वाट बघत अडलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा अभ्यास घरचाच वाटेल. गटाला याचं फार अप्रूप होतं. पण केंद्राच्या आत प्रवासी जात नाहीत, आणि गावापासून 20 किलोमीटरच्या परिसरात वायफाय व ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. तिथल्या मोठ्या अँटेना कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारे क्षीण रेडिओ संकेत टिपून पृथ्वीच्या हालचाली मोजतात. आमच्यातल्या तिघांना ‘हिमाद्री’समोरून घरी व्हिडिओ कॉल करायचा होता. फोन बंद करा म्हटल्यावर वाद झाला, आणि एका कुटुंबाने तो दिवस रुसून काढला. रस्त्याच्या कडेला कुररी पक्ष्यांची घरटी होती, ते डोक्यावर चोच मारायला येत होते, आणि वाद घालणाऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. यातलं काहीही त्या कुटुंबाला मुंबईत कळलं असतं तर त्यांनी फोन बंद ठेवल्याची गोष्ट नातवंडांना अभिमानाने सांगितली असती.

संचालकहो, तुम्ही म्हणाल की अस्वल दाखवलं नाही तर सहल विकली जाणार नाही. मला हे पटत नाही. लोक तुमच्याकडे विश्वासाने येतात. पासपोर्टच्या नूतनीकरणापासून लोणच्यापर्यंत सगळं तुमच्यावर सोपवतात. तुम्ही सांगाल ते ऐकतील. शिवाय खोट्या आश्वासनाचा भार शेवटी तुमच्याच मुलांवर पडतो. आमच्या व्यवस्थापकाने शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म वाटला. त्यात एक प्रश्न होता: ‘वन्यजीव किती जवळून पाहायला मिळाले?’ आणि पुढे पाच तारे. त्या ताऱ्यांवर त्याची पुढची नेमणूक ठरते, हे त्याने मला स्वालबार्डचं मुख्य गाव असलेल्या लाँगयिअरब्येनच्या विमानतळावर सांगितलं. म्हणजे तो डेकवर तीनदा का विचारत होता ते उघड आहे. तो प्रश्न फॉर्ममधून काढून टाका, ही माझी पहिली विनंती. त्याच्या जागी विचारा की नियम तुम्हाला तुमच्या भाषेत समजावले होते का.

छायाचित्रं बदला. 300 मीटरवरून दिसणारं अस्वल छापा, त्याच्याभोवतीचा सगळा फियॉर्ड छापा. तो फोटो कितीतरी सुंदर आहे. माझ्याकडे आहे, हवा तर विनामूल्य देते. ‘हमखास’ हा शब्द खोडा. जहाजावर किती प्रवासी असतील ते ठळक लिहा, कारण 2025 पासून संरक्षित भागांत 200 हून जास्त प्रवाशांच्या जहाजाला प्रवेश नाही आणि तिथे ठरवून दिलेल्या 43 जागांवरच उतरता येतं. दोन-तीन हजार प्रवाशांच्या जहाजाची सहल ‘वन्यजीव सफर’ म्हणून विकणं बरोबर नाही. ड्रोन घेऊन येऊ नका, असंही लिहा. संरक्षित भागात ते चालत नाहीत, आणि आमच्या गटातल्या एका मुलाने खास त्यासाठी नवा विकत घेतला होता. आणि हो, स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, परत येताना नॉर्वेत पुन्हा प्रवेश करावा लागतो, म्हणून दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो. हे आमच्या कंपनीने नीट सांभाळलं होतं, पण दुसऱ्या एका पत्रकात मला ते कुठेच दिसलं नाही.

सहलीआधीच्या बैठकीत किमान दीड तास फक्त या गोष्टींसाठी ठेवा, मराठीत. ‘हिमाद्री’वर काम केलेल्या एखाद्या शास्त्रज्ञाला गोव्याहून बोलवा. सगळ्यांना आपापले बूट घेऊन यायला सांगा आणि तिथेच तपासा. चपला बाहेर काढून घरात जाणारी माणसं आहोत आपण, आणि लाँगयिअरब्येनमध्येही कोळशाच्या खाणींच्या काळापासून हॉटेलच्या दारात बूट काढायची रीत आहे, हे सांगितलं की लोक हसतील आणि विषय लगेच आपलासा होईल. जहाजावर पाठवाल त्या व्यवस्थापकाला रोजचं सूचनासत्र पूर्णपणे मराठीत सांगता आलं पाहिजे. त्याची तयारी तुम्ही करून घ्या. आणि गाइड नाही म्हणाली तर तो तिच्या बाजूने उभा राहील, याची लेखी हमी त्याला द्या.

इतक्या लांब विमानाने जावंच का, असं मला भाचीने विचारलं. स्वालबार्ड जगाच्या सरासरीच्या कित्येक पट वेगाने तापत आहे आणि त्याला आपला धूरही कारण आहे. त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही, आणि तो मनातून जात नाही. मी पुन्हा जाणार नाही. पण तुमची जहाजं यंदाही जाणार आहेत, बुकिंगच्या जाहिराती रोज दिसतात, म्हणून जाणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

आमच्या त्या दीड तासाच्या गप्पांची टिपणं मी घरी येऊन नीट लिहून काढली आहेत. वहीची 38 पानं झाली: अंतरं, महिने, पक्ष्यांची मराठी नावं, बूट कसे धुवायचे, किनाऱ्यावर काय करायचं नाही. फियॉर्डचा छेदही पुन्हा काढला आहे. कोणत्याही कंपनीने ती छापून आपल्या प्रवाशांना द्यावी, माझं नाव घालायची गरज नाही. नागपूर, पुणे, मुंबई, नाशिक कुठेही बैठक असेल तर मी स्वखर्चाने येऊन बोलेन. रविवार सोयीचा पडतो, पण इतर वारही चालतील. त्या सव्वीस वर्षांच्या मुलाला पहिल्या रांगेत बसवा, एवढंच.

कळावे,

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
नागपूर